मुंबईत वॉर्डांचं काम शिकताय? मग आधी हे वाचा

पत्ता ऐकून वॉर्ड, म्हणजे महापालिकेचा अक्षराने ओळखला जाणारा विभाग, ठरवू नका. दादर पश्चिम जी-उत्तरमध्ये, दादर पूर्वेची हिंदू कॉलनी एफ-उत्तरमध्ये. मधे फक्त रेल्वे. त्यात दादर पश्चिमेला आमदार निवडला जातो तो माहीम मतदारसंघातून! नगरसेवकांचे 227 प्रभाग वेगळेच, त्यांच्या हद्दी फेररचनेत सरकतात. म्हणून गेल्या निवडणुकीचा नकाशा जपून ठेवण्यात अर्थ नाही. तुंबलेल्या गटाराची तक्रार मात्र अक्षरवाल्या वॉर्ड ऑफिसातच द्या, पोच घ्या, आणि एक प्रत नगरसेवकाला.

गिरणगाव, म्हणजे कापड गिरण्यांचा जुना कामगार भाग, कुठल्याच सरकारी नकाशात सापडणार नाही. लालबाग-परळ एफ-दक्षिण, वरळी जी-दक्षिण, भायखळा ई. तिथे फिरताना वॉर्ड विचारत बसू नका, चाळीचं नाव विचारा. नाक्यावरचा वाणीसुद्धा सांगेल.