इफच्या पोटात इफ

राजवाडा ते विजयनगर बसभाड्याचा तुझा प्रोग्राम वाचला. उत्तर बरोबर येतं, पण इफच्या, म्हणजे अट तपासणाऱ्या ओळीच्या, पोटात इफ, त्याच्याही पोटात इफ, आणि खरं भाडं चौथ्या पायरीवर दडलंय. अपवाद आधी निकाली काढ: थांबा चुकीचा असेल तर तिथूनच बाहेर पड, पास असेल तर शून्य परत कर. मग मुख्य हिशेब डाव्या कडेला मोकळा उरतो. एल्स, म्हणजे 'नाहीतर'ची फांदी, लागतच नाही.

लांब अटीला नाव दे. वय, वेळ, विद्यार्थी असं सगळं अँड-ऑरने जोडण्यापेक्षा 'सवलत लागू' या अर्थाचं व्हेरिएबल कर, इफमध्ये तेवढंच लिही. त्याची ट्रूशी (म्हणजे 'खरं'शी) वेगळी तुलना नको. पेप ८, म्हणजे पायथॉन कोड लिहिण्याच्या शैलीची नियमावली, हीही तेच सांगते.

सी किंवा जावास्क्रिप्टमध्ये मात्र एका ओळीच्या इफलाही महिरपी कंस घालच. यावर मी अडून बसतो. २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमधली चूक उघड झाली: 'गोटू फेल' ('फेल' या खुणेच्या ओळीवर उडी मार) ही ओळ लागोपाठ दोनदा होती. कंस नसल्यामुळे दुसरी ओळ अटीबाहेर पडली, दरवेळी चालली, आणि सर्व्हरच्या सहीची तपासणी होईचना.

टर्नरी, म्हणजे एका ओळीत अट आणि दोन पर्याय, छोट्या निवडीपुरता ठीक. बदललेला कोड पाठव, मी वाचतो.