इमॅजिकाले किती दिवस ठेवायचे?

भाऊ, पहिल्यांदाच लेकरं घेऊन चालले तं दोन रात्री ठेवा, चार कायले? खोपोलीजवळचं इमॅजिका म्हणजे थीम पार्क वेगळा अन् वॉटर पार्क वेगळा, दोन्हीचं तिकीट वेगळं, एकाच दिवसात दोन्ही उरकतो म्हणणारे लोक ना धड झुल्यात बसत ना धड पाण्यात.

नवीन माणूस फसतो तो पोहोचायच्या दिवशी. विदर्भ एक्स्प्रेसनं रातभर बसून सकाळी कल्याणले उतरायचं, कर्जतवरून खोपोली लोकल, तिथून रिक्षा, अन् लगेच पार्कचं तिकीट काढायचं! लेकरं झोपेनं पेंगतात राजेहो, अन् हॉटेलची खोली बहुतेक दुपारशिवाय भेटत नाही. तो दिवस आरामाचा धरा. दुसरा थीम पार्कचा, तिसऱ्या दिवशी खोली सोडून वॉटर पार्क, संध्याकाळची गाडी.

बाकी इतकंच पाहा:
- लेकरांची उंची घरीच मोजा, मोठ्या झुल्यांवर उंची कमी भरली तं बसू देत नाहीत.
- सोयाबीन निघालं की सगळेच दिवाळीत निघतात, सुट्टी संपल्यावरचा मंगळवार-बुधवार पाहा.
- पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे घरूनच न्या.

झुल्यांची रांग टाळायच्या एक्स्प्रेस पासबिसचं आता डोक्यात घेऊच नका, आधी परतीचं रिझर्व्हेशन पाहा.