शिरा हिरव्या, पान पिवळं: चुनखडीच्या जमिनीतले प्रश्न

प्रश्न : लिंबाची नवी पालवी पिवळी येते, शिरा मात्र हिरव्या राहतात. जमीन चुनखडीची, सामू (पीएच) ८.२ आहे. दोनदा आळ्यात हिराकस (फेरस सल्फेट) टाकलं, पण फरक नाही. कमतरता लोहाचीच आहे ना?

उत्तर : बहुधा लोहाचीच, पण आधी पान उजेडाकडे धरून बघा. लोह कमी असलं की शेंड्याच्या कोवळ्या पानावर हिरव्या शिरांची बारीक, रेखीव जाळी दिसते. मँगनीजच्या कमतरतेत शिरांलगतचा हिरवा पट्टा रुंद असतो आणि त्याची कड पुसट. जस्ताची खूण आकारात सापडते: पानं लहान आणि अरुंद, पेरं आखूड, शेंड्याला झुबका. पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला असेल, तर मॅग्नेशियम किंवा नत्र तपासा.

चुनखडीत दोन-तीन कमतरता एकदमच असतात आणि मग पानावरची लक्षणं एकमेकांत मिसळतात. अशा वेळी फांदीवर चाचणी घ्या. तीन भांड्यांत एकेक लिटर पाणी घ्या. पहिल्यात १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून मग ५ ग्रॅम हिराकस घाला. क्रम उलटा झाला आणि पाणी जड असलं, तर द्रावण गंजाच्या रंगाचं होतं आणि वाया जातं. दुसऱ्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट व २.५ ग्रॅम विरी गेलेला (विझवलेला) चुना, तिसऱ्यात ३ ग्रॅम मँगनीज सल्फेट. संध्याकाळी प्रत्येक द्रावणात एकेक कोवळी फांदी बुडवा, वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. चौथी फांदी तुलनेसाठी कोरी ठेवा. दहा ते चौदा दिवसांत जी हिरवी होईल, तिचं द्रावण हे उत्तर. लोहाच्या बाबतीत अख्खं पान न बदलता जिथे थेंब टिकला तिथेच हिरवे ठिपके उमटतात. लोह पानात फारसं पसरत नाही. म्हणूनच फवारणीनंतर येणारी पालवी पुन्हा पिवळीच निघते.

प्रयोगशाळेतल्या पान-परीक्षणावर जस्त आणि मँगनीजसाठी भरवसा ठेवा. लोहाचा एकूण आकडा मात्र फसवा असतो. पिवळ्या पानातही तो पुरेसा दिसू शकतो.

आता हिराकस का वाया गेलं? तुमच्या जमिनीत लोह भरपूर आहे, पण ते मुळांना घेता येत नाही. वरून टाकलेलंही हवा आणि चुन्यामुळे तसंच अविद्राव्य होऊन बसतं.

प्रश्न : मग चिलेटेड लोह, म्हणजे जमिनीत अडू नये म्हणून सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेलं लोह, कोणतं घ्यावं?

उत्तर : लोह धरणाऱ्या रेणूवरून प्रकार ठरतात. ईडीटीए साधारण साडेसहा सामूपर्यंत टिकतं, डीटीपीए साडेसातपर्यंत. ८.२ ला जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए हेच. पाकिटावर ६ टक्के लोह लिहिलेलं असतं, पण त्यातलं ऑर्थो-ऑर्थो (o,o) या रेणूच्या सर्वांत घट्ट स्वरूपात किती आहे ते वाचा. चुनखडीत टिकाऊ काम तेच करतं. लहान झाडाला २५ ते ३० ग्रॅम, पूर्ण वाढलेल्याला ५० ते १०० ग्रॅम, पालवी फुटण्याच्या सुमारास. पाण्यात कालवून पांढऱ्या मुळ्यांच्या पट्ट्यात, म्हणजे फांद्यांच्या घेराखाली द्या आणि मातीने झाका, कारण उन्हात ते मोडतं. फवारणीला वापरू नका.

आळ्यात पाणी तुंबत असेल तर हा खर्च करण्याआधी निचरा सुधारा. हवा न मिळालेल्या मातीत कार्बन डायऑक्साइड कोंडतो, बायकार्बोनेट वाढतं आणि लोह आणखी अडतं. स्फुरद (फॉस्फरस) खतांचा मारा असेल तर तोही थांबवा. त्याने जस्तही अडतं.

प्रश्न : जिप्सम टाकून सामू उतरेल का?

उत्तर : चुनखडीच्या जमिनीत नाही. जिप्सम सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीसाठी. गंधक चुना खातं, पण हिशेब बघा: एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीत फक्त १ टक्का चुना असला, तरी तो संपवायला सहा-सात टन गंधक लागतं. म्हणून सबंध जमिनीच्या मागे न लागता घेराखाली चार-सहा खड्डे घेऊन गंधक आणि कुजलेलं खत मिसळून भरा. तेवढ्या मातीत मुळांना सोय होते. मात्र गंधकाचं आम्ल जिवाणू करतात, त्यामुळे ओल आणि ऊब हवी, आणि परिणाम दिसायला महिने लागतात.