अपाची, डेटाबेस आणि कुलूप: वाचकांचे प्रश्न

वेब सर्व्हर अपाचीच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘एसएसएल-इंजिन ऑन’ लिहिलं की तो सुरूच होत नाही, ‘इनव्हॅलिड कमांड’ म्हणतो. स्पेलिंग चारदा तपासलं.

स्पेलिंग बरोबरच असणार. एररची ओळ शेवटपर्यंत वाचा. हा शब्द अपाचीत न घेतलेल्या मॉड्यूलचा (जोडभागाचा) असू शकतो, असंही त्यात लिहिलेलं असतं. मॉड-एसएसएल, म्हणजे एचटीटीपीएसचं कुलूप लावणारं मॉड्यूल, लोडच झालेलं नाही. डेबियन-उबुंटूवर ते आलेलं असतं पण बंद. ‘ए-टू-एन-मॉड एसएसएल’ दिलं की झालं. रेड हॅटच्या घराण्यात ते वेगळं पॅकेज आहे, तिथल्या डीएनएफ या इन्स्टॉलरने बसवा. रीस्टार्टआधी कॉन्फिगटेस्ट (कॉन्फिगमधल्या चुका दाखवणारी कमांड) चालवा.

पीएचपीची स्क्रिप्ट टर्मिनलवर चालते, ब्राउझरमधून मात्र दुसऱ्या मशीनवरच्या मायएसक्यूएल डेटाबेसला जोडताना ‘परमिशन डिनाइड’. सर्व्हर रॉकी लिनक्सचा आहे, पासवर्ड तोच आहे.

टर्मिनलवर ती स्क्रिप्ट तुम्ही चालवता, ब्राउझरमधून अपाची चालवतो. फरक तिथेच आहे. पासवर्ड चुकला असता तर खुद्द डेटाबेसनेच ‘ॲक्सेस डिनाइड फॉर युजर’ असं, १०४५ नंबरासह, सुनावलं असतं. तुम्हाला २००२ आणि ‘परमिशन डिनाइड’ येतंय, म्हणजे विनंती तुमच्या मशीनच्या उंबऱ्याबाहेर पडलेलीच नाही. अडवणारा बहुतेक एसईलिनक्स, म्हणजे कुठल्या प्रोग्रामने काय करायचं यावर बंधन घालणारा लिनक्सचा पहारेकरी. ऑडिट लॉगमध्ये ‘एव्हीसी डिनाइड’ची ओळ शोधा, तिच्यात एचटीटीपीडीचं (म्हणजे अपाचीचं) नाव आणि ३३०६ हा मायएसक्यूएलचा पोर्ट दिसला की चोर सापडला.

उपाय एका ओळीचा: ‘सेट-एसई-बूल’ने ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी’ सुरू करा. सोबत कॅपिटल ‘पी’ द्यायला विसरू नका, नाहीतर पुढच्या रीबूटला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. याच नावाचा शेवटचा ‘डीबी’ नसलेला एक भाऊ आहे, तो अपाचीला कुठल्याही पोर्टवर जाऊ देतो. काम डेटाबेसपुरतं असेल तर त्याच्या नादी लागू नका. ‘एसईलिनक्सच बंद करा’ हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. मीही एकदा एका सर्व्हरवर ‘तात्पुरतं’ बंद केलं होतं; वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी लॉग उघडले तेव्हा आठवण झाली.

डेटाबेसच्या पत्त्यात ‘लोकलहोस्ट’ लिहिलं तर ‘नो सच फाइल’, १२७.०.०.१ लिहिलं तर चालतं. दोन्ही एकच ना?

मायएसक्यूएलच्या लेखी नाहीत. ‘लोकलहोस्ट’ म्हटलं की तो नेटवर्क सोडून सॉकेटची फाइल (त्याच मशीनवरच्या जोडणीचं दार) शोधतो. ती फाइल एकीकडे आणि पीएचपी शोधतेय दुसरीकडे. पीएचपी-आयएनआय या पीएचपीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये खरा पत्ता द्या, किंवा आकडेच ठेवा.

लॉगिन अपाचीच्या मॉड-ऑथएन-डीबीडी मॉड्यूलने थेट डेटाबेसमधून तपासतो. गर्दीत ‘टू मेनी कनेक्शन्स’ येतं. डीबीडी-मॅक्स, म्हणजे डेटाबेसच्या जोडण्यांची कमाल मर्यादा, तर फक्त १० आहे!

तो दहाचा आकडा दर प्रोसेसमागे आहे, सगळ्या सर्व्हरमागे नाही. इव्हेंट एमपीएमच्या (विनंत्या प्रोसेस आणि थ्रेडमध्ये वाटणाऱ्या अपाचीच्या भागाच्या) मूळ डिफॉल्टने ४०० वर्कर, एका प्रोसेसमध्ये २५ थ्रेड, म्हणजे १६ प्रोसेस. सोळा दाहे एकशे साठ. मायएसक्यूएलची एकावेळच्या जोडण्यांची मूळ मर्यादा १५१. बसा आता! शिवाय त्याच १५१ मध्ये तुमची पीएचपीही वाटा मागते.

मर्यादा वाढवत बसण्याऐवजी डीबीडी-मॅक्स चारवर आणा. त्याहून महत्त्वाचं, मॉड-ऑथएन-सोकॅश (तपासलेला लॉगिन काही काळ लक्षात ठेवणारं मॉड्यूल) लावा आणि प्रोव्हायडरच्या, म्हणजे लॉगिन कुठे तपासायचा त्याच्या, यादीत ‘सोकॅश’ला ‘डीबीडी’च्या आधी ठेवा. बेसिक ऑथमध्ये (ब्राउझर दर विनंतीसोबत पासवर्ड पाठवतो त्या पद्धतीत) पानावरचं प्रत्येक चित्र, प्रत्येक स्टाइलशीट पासवर्ड पुन्हा तपासायला लावते. एका पानाला वीस क्वेऱ्या कशाला?

एचटीटीपीएसची सर्टिफिकेटं आणणाऱ्या सर्टबॉटने सर्टिफिकेट नवं केलं, तरी ब्राउझर ‘मुदत संपली’ म्हणतो.

फाइल नवी झाली, अपाचीच्या डोक्यात जुनीच आहे. सर्टिफिकेट तो सुरू होताना वाचतो. आत्ता ग्रेसफुल रीलोड द्या (चालू विनंत्या न तोडता तो फाइली पुन्हा वाचतो), आणि सर्टबॉटच्या डिप्लॉय-हुकमध्ये, म्हणजे सर्टिफिकेट नवं झालं की आपोआप चालणाऱ्या जागी, तीच कमांड टाकून ठेवा. हात घातलाच आहे तर बघून घ्या: कॉन्फिगमध्ये ‘सर्ट’ नव्हे, मधली सर्टिफिकेटंही असलेली ‘फुलचेन’ फाइल हवी. नाहीतर लॅपटॉपवर साइट उघडेल आणि एखाद्या गिऱ्हाईकाच्या मोबाइल ॲपला तीच साइट अविश्वासू वाटेल.