कॉलेजमधल्या सफाई-सुरक्षा कंत्राटदाराचं मासिक बिल मंजूर करण्याआधी नेमकं काय तपासावं?

तीन याद्या नावागणिक जुळवा: तुमची हजेरी, पगाराची बँक यादी आणि पीएफचं ईसीआर (कंत्राटदार दरमहा ऑनलाइन भरतो ते कामगारनिहाय विवरणपत्र). फरक सापडला तर तेवढी रक्कम रोखून ठेवा. सोलापुरात आठ-दहा माणसं पुरवणारे बरेच कंत्राटदार शाळा, दवाखाने, सोसायट्या असं सगळीकडे काम घेतात. ते बिलाला सगळ्या ठिकाणांचं एकत्र चलन (पैसे भरल्याची पावती) जोडतात. पैसे भरलेले दिसतात, पण तुमच्याकडच्या बायांची नावं त्यात नसतात. म्हणून चलन नको, नावं आणि यूएएन (प्रत्येक कामगाराचा पीएफ क्रमांक) असलेलं ईसीआर मागा. पीएफ आणि ईएसआयसी (कामगार राज्य विमा) दोन्ही पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. त्यामुळे जूनच्या बिलासोबत मेचं ईसीआर घ्या, आणि शेवटचं बिल व अनामत सगळे भरणे दिसल्याशिवाय सोडू नका. कंत्राटदाराने भरलं नाही, तर मुख्य मालक (ज्याच्यासाठी कंत्राटदाराची माणसं काम करतात तो) म्हणून वसुली कॉलेजवर येते.

हजेरी मात्र कॉलेजच्याच माणसाने घ्यावी, पर्यवेक्षकाच्या वहीवर विसंबू नये. वर्षातून दोनदा कामगारांना त्यांचं पीएफ पासबुक मोबाईलवर उघडून दाखवा; अनेकींची बोली तेलुगू किंवा कन्नड असते, तेव्हा समजावणारं कुणी सोबत असू द्या. हा त्यांच्या हक्काचा पैसा आहे.

एक अपवाद: ईएसआयसी दरमहा 21,000 रुपयांपर्यंतच्या वेतनालाच लागू आहे, त्यामुळे जास्त पगाराचा पर्यवेक्षक ईएसआयसीच्या यादीत नसेल.