उपरोधिक लेखन ओळखावे कसे?

एखादा लेख मनापासून लिहिला आहे की उपरोधाने, हे कसे ओळखावे आणि अशा लेखनात कोणती तंत्रे वापरतात, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तंत्रांची नावे पाठ करण्याआधी एक गोष्ट पाहावी: लेखात बोलणारा ‘मी’ आणि तो लिहिणारा लेखक यांचे मत एकच आहे का? उपरोधिक लेखनाचा सारा अर्थ या दोघांमधल्या अंतरात असतो.

आयरिश लेखक जोनाथन स्विफ्टने १७२९ साली निनावी प्रसिद्ध केलेली ‘अ मॉडेस्ट प्रपोझल’ ही पुस्तिका घ्या. आयर्लंडमधील दारिद्र्यावर उपाय म्हणून गरिबांची एक वर्षाची मुले श्रीमंतांना खाण्यासाठी विकावीत, असे तिचा निवेदक, म्हणजे तिच्यात बोलणारा ‘मी’, सुचवतो. तो कुठेही क्रूरपणे बोलत नाही. उलट दरवर्षी जन्मणाऱ्या १,२०,००० गरीब मुलांपैकी २०,००० पैदाशीसाठी राखून उरलेली विकावीत, असा हिशेब तो एखाद्या लोकहितैषी अर्थतज्ज्ञाच्या शांतपणे मांडतो. हा शांतपणाच मला सर्वांत भेदक वाटतो, कारण माणसांकडे केवळ आकडे म्हणून पाहणाऱ्यांची भाषा स्विफ्टने जशीच्या तशी उचलून तिच्या टोकापर्यंत नेली आहे. पुढे तोच निवेदक परदेशात राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसवणे, देशी वस्तूच वापरणे असे उपाय मोजून दाखवतो आणि ते माझ्यापुढे कुणी काढू नयेत, असे बजावतो. ज्यांना तो झिडकारतो, तेच स्विफ्टचे खरे म्हणणे आहे. म्हणून उपरोधिक लेखात निवेदक कशाला हसतो आणि काय घाईघाईने बाजूला सारतो, तिकडे विशेष लक्ष द्यावे.

या एकाच पुस्तिकेत अतिशयोक्ती आहे आणि भयंकर गोष्ट किरकोळ असल्यासारखी सांगणारी न्यूनोक्तीही आहे. स्तुतीच्या रूपाने निंदा करणारी व्याजस्तुती तर आपल्या जुन्या काव्यशास्त्राने अलंकार म्हणूनच नोंदवली आहे. एखाद्याचे कौतुक त्याच्या कर्तृत्वाला न शोभण्याइतके वाढू लागले की तिची शंका घ्यावी.

विडंबनाची, म्हणजे दुसऱ्याच्या शैलीची थट्टेने नक्कल करण्याची, गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तेथे मूळ शैली ओळखीची नसेल तर निम्मा अर्थ हरवतो. ‘झेंडूची फुले’ या विडंबन कवितांच्या संग्रहात अत्रे यांनी रविकिरण मंडळ या कविमंडळाच्या कवींची जी थट्टा केली, ती त्या कवींच्या मूळ कविता शेजारी ठेवून वाचली तरच त्यांनी नेमकी कोणती लकब पकडली आणि कितपत ताणली, हे कळते. आपण सुरुवात करणार असाल तर अशीच एखादी जोडी निवडावी आणि मूळ कविता आधी वाचावी.