पंपाला किती टोपण?

आपला प्रश्न असा आहे की, भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर विदर्भातील खेड्यांत विज्ञानप्रसाराचे काम करायचे आहे, तर आज तेथे कोणत्या अडचणी येतात आणि कोठे वाव आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात 22 वर्षांपासून माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरची 7 एकर कोरडवाहू शेतीही पाहतो. या दोन ठिकाणांहून जे दिसले तेवढेच लिहितो.

लोक अडाणी आहेत आणि आपण त्यांना शहाणे करायला निघालो आहोत, अशा समजुतीने कृपया येऊ नका. आमच्या गावात विज्ञान रोज येते. बियाण्याच्या पाकिटातून, औषधाच्या बाटलीतून, मोबाइलमधून येते. मात्र ते समजावून सांगणारा माणूस बहुतेक वेळा कृषी केंद्राच्या काउंटरमागे उभा असतो. तो वाईट असतो असे मुळीच नाही, अडीनडीला उधारी तोच देतो; पण ज्याला माल विकायचा आहे त्यालाच 'किती लागेल' हे विचारावे लागणे ही खरी अडचण आहे. शास्त्रज्ञ अकोल्याच्या विद्यापीठात किंवा नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेत असतात आणि त्यांचा सल्ला पत्रकाच्या भाषेत येतो.

या भाषेचे एक उदाहरण देतो. फवारणीच्या शिफारशीत बहुधा '10 लिटर पाण्यात अमुक मिलिलिटर' असे लिहिलेले असते. आमच्याकडचा पाठीवरचा पंप 15 किंवा 16 लिटरचा असतो आणि औषध मोजायचे माप म्हणजे बाटलीचे टोपण. शेतकरी एवढेच विचारतो, "सर, पंपाले किती टोपण टाकू?" एकदा नववीच्या मुलांना मी घरातली रिकामी टोपणे धुऊन आणायला सांगणार होतो, मुलांनी औषधाच्या टोपणांना हात लावू नये हे लक्षात आल्यावर हातमोजे घालून ती मीच गोळा केली, धुतली आणि वर्गात मोजपात्राने त्यांत मावणारे पाणी मोजून दाखवले. एका टोपणात जेमतेम 10 मिलिलिटर मावत होते, तर दुसऱ्यात 25 च्या वर. 'एक टोपण' म्हणजे काय, हे त्या दिवसापर्यंत मलाही ठाऊक नव्हते, आणि मी तोवर अनेक वर्षे परिमाणे व मापन हा धडा शिकवत आलो होतो. 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती आणि त्यांचा सगळा भार टोपणावर टाकणे चुकीचे ठरेल; तरीही बाटलीवरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाची खूण आहे आणि हिरवा त्यामानाने सौम्य विषाची, हे आमच्या गावातील बहुतेकांनी त्या वर्षानंतरच प्रथम ऐकले.

दुसरी अडचण विश्वासाची आहे, आणि तिचे मूळ आमच्याच वावरात आहे. बीटी कापसाला, म्हणजे ज्याच्या झाडातच बोंडअळीला मारणारे विष तयार होते अशा कापसाला, 2002 मध्ये परवानगी मिळाली तेव्हा गावात एवढेच पोहोचले की आता बोंडअळी गेली. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमचे बिगर-बीटी बियाण्याचे वेगळे पाकीट मिळत असे. ते कडेने लावायचे, म्हणजे त्या झाडांवर बीटीचे विष न पचवू शकणारे पतंग जगतात, प्रतिकारक्षम पतंगांशी त्यांचा संकर होतो आणि अळीत प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. हे काउंटरवर कोणी सांगितले नाही. उत्क्रांतीचा धडा पाकिटात बांधून घरोघरी दिला होता आणि आम्ही तो धुऱ्यावर फेकून दिला. मी स्वतःही फेकला आहे. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते, फरदडीमुळे, म्हणजे वेचणीनंतरही कपाशी उभी ठेवून पुन्हा पीक घेतल्यामुळे, तिला हंगाम संपल्यावरही खायला मिळत राहिले आणि 2017 मध्ये तिने बोंडे पोखरली, तेव्हा लोक म्हणाले की शास्त्रज्ञ खोटे बोलले. शास्त्रज्ञांनी सांगितलेली अट वाटेतच गळाली होती, हे आता कितीही समजावले तरी पटत नाही.

सरकारी आधाराविषयी थोडक्यात सांगतो. 1989 मध्ये स्थापन झालेली केंद्राची 'विज्ञान प्रसार' ही संस्था 2023 मध्ये बंद करण्यात आली. त्याच वर्षी जानेवारीत नागपुरात भारतीय विज्ञान काँग्रेस भरली. आमच्या गावापर्यंत तिची वर्तमानपत्रातली छायाचित्रे आली. 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन शाळेत भाषणे आणि रांगोळीत पार पडतो.

आता वाव कोठे आहे ते पाहू. 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडले. तो चिनी रॉकेटचा परत येणारा भाग असल्याचे पुढे समोर आले. पुढे चार दिवस आमच्या पारावर कक्षा, घर्षण आणि वेग यांशिवाय विषय नव्हता. आपल्यासारख्या भौतिकशास्त्राच्या माणसाने त्या आठवड्यात गावात असायला हवे होते. विजेचेही तसेच आहे. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून 3 ने भागले की ती किती किलोमीटरवर पडली याचा अंदाज येतो, हे एकदा सांगितले की पावसाळाभर बायामाणसे वावरात मोजत राहतात. गडगडाट ऐकू आला म्हणजे झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जायचे, हे त्याच दमात सांगावे.

पद्धतीसाठी गाडगेबाबांकडे पाहावे. ते कीर्तनात स्वतः कमी सांगत आणि वऱ्हाडीत प्रश्न विचारून उत्तर समोरच्यांच्याच तोंडून काढत. मी व्याख्यान सोडले ते याच कारणाने. आता मी लोकांना घेऊन कपाशीत जातो आणि न उमललेले, पाकळ्या रेशमासारख्या धाग्यांनी बांधल्या गेलेले फूल शोधायला सांगतो. या फुलाला डोमकळी म्हणतात. ते नखाने सोलले की आत बारीक पांढुरकी अळी सापडते. "हे त गुलाबी नाही," असे कोणीतरी म्हणतेच, आणि अळी मोठी झाल्यावर रंग घेते, ही गोष्ट तेथून सुरू होते.

आपण येणार असाल तर ऑगस्टच्या अखेरीस, फुले लागल्यावर या. वेचणीच्या दिवसांत कोणाला बोलायला सवड नसते. संध्याकाळी सातनंतर पारावर माणसे भेटतात. बाया मात्र तेथे येत नाहीत, त्यांच्यासाठी बचतगटाच्या बैठकीचा दिवस आधी विचारून ठेवावा लागतो. स्लाइड आणू नका, विजेचा भरवसा नसतो. दोन-तीन प्लास्टिकची मोजपात्रे मात्र नक्की आणा, शाळेतील काचेचे मागच्या वर्षी फुटले.